दुपारी एक ते चार

ही गोष्ट खरी आहे.

ऐकीव नाही. मित्राच्या मित्राची नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलेली आहे आणि ती अजून त्याच घरात राहते.

भुताची गोष्ट म्हटली की लोक अमावस्या काढतात, मध्यरात्र काढतात. इथे तसं काही नाही. वेळ भर दुपारची. महिना मार्चचा. जागा म्हणजे लिफ्ट असलेल्या एका साध्या सोसायटीतला तिसरा मजला.

मावशीबद्दल आधी सांगते. ती शिवणकाम करते. गळ्यात टेप असतोच. कुणी समोर आलं की आधी खांदा बघणार, मग तोंड. भूतबीत मानत नाही. "जे टेपने मोजता येत नाही ते मला सांगू नका," हे तिचं ठरलेलं वाक्य.

त्या वर्षी तिच्या यजमानांना, म्हणजे काकांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. चेहरा एका बाजूने ओढला गेला, ओठ नीट हलेनात. आवाज मात्र राहिला. बोलणं जड झालं, पण हाक मारली की घरभर जाईल इतका आवाज होता.

काका एका उपचार केंद्रात होते. तिथली खाट महिनाअखेरपर्यंतच मिळणार होती. त्यानंतर त्यांना दुसऱ्या गावच्या केंद्रात हलवणार होते... पाच तासांच्या अंतरावर. मावशी रोज संध्याकाळी भेटायला जायची आणि काका रोज एकच म्हणायचे.

"घरी ने."

पण न्यायचं कुठे? जुनं घर चौथ्या मजल्यावर, बिनालिफ्टचं. मावशीने ते विकलं आणि हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. कित्येक वर्षं बंद पडलेला होता, म्हणून पटकन मिळाला.

पहिल्याच दिवशी तिने टेप काढला. आतल्या खोलीचं दार सव्वीस इंच. काकांची चाकाची खुर्ची सत्तावीस.

एका इंचाने घोडं अडलं!

कामासाठी बोलावलेल्या मिस्त्रींनी भिंत ठोकून पाहिली. हॉल आणि आतली खोली यांच्यामधली ती भिंत नुसती मध्ये उभी होती, इमारतीचा भार तिच्यावर नव्हता. मिस्त्री म्हणाले, "बाई, दार कशाला वाढवताय? भिंतच काढू. साहेब खाटेवरून तुम्हाला बघतील, तुम्ही मशीनवरून त्यांना बघाल."

मावशीला ते एकदम पटलं.

सोसायटी म्हटलं की सगळ्यांच्या मालकीची इमारत, सगळ्यांची परवानगी. सेक्रेटरींना मागे सगळे 'कलम' म्हणायचे, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य कलमाच्या आकड्याने सुरू व्हायचं. त्यांनी इंजिनिअरचा कागद पाहिला, सही केली आणि बोट वर केलं.

"कलम सतरा. दुपारी एक ते चार शांतता. ठोकाठोक नाही. तीन तक्रारी आल्या की काम बंद."

"नियम म्हणजे नियम," मावशी म्हणाली. शिवणकामवाली बाई, तारीख पाळायची सवय होती तिला.

भिंत एका सकाळी पाडली. संध्याकाळपर्यंत राडारोडा खाली गेला. हॉल आणि खोली एक झाली, खिडकीचा उजेड थेट मुख्य दारापर्यंत आला. मावशीने खाटेची जागा खडूने आखली. मशीनची जागा आखली. दोन्हींमध्ये चार पावलं.

दुसऱ्या दिवशी पहिली तक्रार आली.

दुपारी दोन वाजता ठोकाठोक. तक्रार खालच्या मजल्यावरच्या आजींची होती. आजी एकट्या राहायच्या, पण कान अगदी तिखट.

मावशीने मिस्त्रींना फैलावर घेतलं.

मिस्त्री दुखावले. "बाई, एकच्या ठोक्याला आम्ही दोघं खाली उतरतो. मी आणि माझा जोडीदार. जेवतो आणि जिन्याखाली आडवे होतो. वॉचमनला विचारा."

विचारलं. खरंच होतं.

तिसऱ्या दिवशी दुसरी तक्रार आली. या वेळी आजींबरोबर शेजारच्या कुटुंबाचीही सही होती.

आता मावशीला घाम फुटला. अजून एक तक्रार आणि काम बंद. काम बंद म्हणजे काका पाच तासांवर. तिने ठरवलं, आपणच बसायचं. बघू कोण ठोकतंय.

पुढच्या दिवशी एक वाजता मिस्त्री आणि जोडीदार गेले. मावशीने दाराला आतून कडी लावली. खुर्ची हॉलच्या मधोमध ठेवली आणि बसली.

दीड वाजला...

काही नाही. सिमेंटची पोती, पाण्याचं पिंप, विटांचे चार तुकडे. खिडकीतून रस्त्याचा आवाज.

दोन वाजले...

काही नाही. तिला डुलकी लागायला आली.

आणि फोन वाजला. आजींचा.

"काय गं, माणुसकी आहे की नाही? दुपारची पाठ टेकवू देत नाहीस!"

"आजी, मी स्वतः इथे बसलेय. एकटी. इथे टाचणी पडली तरी ऐकू येईल."

"मग हे काय आहे? ऐक. फोन वर धरते."

मावशीने फोन कानाला लावून ठेवला.

ठक... ठक... ठक.

मग खरवडल्याचा आवाज. खर्रर्र.

ठक... ठक... ठक.

मावशीने फोन कानापासून दूर केला.

शांत. अगदी शांत.

परत कानाला लावला.

ठक... ठक... ठक.

तो आवाज आजींच्या छतातून येत होता. आणि आजींचं छत म्हणजे मावशीच्या पायाखालची फरशी. ती त्याच खोलीत बसली होती. समोर कुणी नव्हतं.

तिने पाय उचलून खुर्चीवर घेतले. बासष्ट वर्षांची बाई, लहान मुलीसारखी पाय पोटाशी घेऊन बसली. हे तिने मला स्वतः सांगितलं. सांगताना हसली नाही.

तिसरी तक्रार त्याच संध्याकाळी नोंदली गेली.

कलमसाहेब आले ते हातात कागद घेऊनच. मावशीने हात जोडले, काकांचं सांगितलं, तारीख सांगितली. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. थोडा विचार करून म्हणाले, "असं करा. काम बंद नाही करत. पण एक ते चार तुमच्या फ्लॅटची किल्ली कमिटीकडे. आत कुणी नाही याची खात्री झाली की तक्रारीला अर्थच उरणार नाही."

किल्ली गेली.

दुसऱ्या दिवशी एक वाजता कलमसाहेबांनी स्वतः कुलूप लावलं, ओढून पाहिलं, किल्ली खिशात टाकली. मग ते, मावशी आणि मिस्त्री, तिघं आजींच्या घरात जाऊन बसले. आजींनी पंखा बंद केला.

दोनला पाच मिनिटं असताना सुरू झालं.

ठक... ठक... ठक. खर्रर्र.

कलमसाहेबांचा हात आपोआप खिशातल्या किल्लीवर गेला. एकही कलम तोंडातून निघालं नाही.

मिस्त्री मात्र उठले. छताखाली जाऊन उभे राहिले. मान वर, डोळे मिटलेले. ओठ हलत होते. काहीतरी मोजत होते.

बराच वेळ गेला.

"बाई," ते हळूच म्हणाले, "हे तोडकाम नाही."

"मग?"

"तोडताना घाव वेडेवाकडे पडतात. हे तालात आहे. थापीच्या दांड्याने तीन टिचक्या, वीट बसली. मग बाहेर आलेला सिमेंटचा माल थापीने खरवडला. मग पुढची वीट." त्यांनी छताकडे बोट केलं. बोट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत गेलं. "अकरा विटा झाल्या की थांबतो. मग परत पहिल्या टोकाला. अकरा विटा म्हणजे किती झाले?"

तिला टेपची गरज नव्हती.

साडेआठ फूट. तिने पाडलेल्या भिंतीची लांबी.

"कुणीतरी भिंत बांधतंय, बाई. तिथेच."

वर काहीतरी जड ओढल्याचा आवाज झाला. फरशीवरून लाकूड घासत गेलं...

मिस्त्री दोन पावलं मागे सरले.

"घोडी ओढली त्याने. उभं राहून काम करायची घोडी. म्हणजे आता हात पुरेना. डोक्याच्या वर गेलीय भिंत. अजून दोन दिवस... फार तर तीन. मग छताला टेकेल."

"आणि तो..." मावशीने विचारलं, "तो कुठल्या बाजूला उभा आहे?"

मिस्त्रींनी परत डोळे मिटले. माल खरवडल्याचा आवाज ऐकत राहिले.

"आतल्या."

काकांच्या खाटेच्या बाजूला.

आजी छताकडे बघत होत्या. आता म्हणाल्या, "ते परत आले वाटतं."

"कोण ते?"

"तुझ्या आधीचे मालक. अगं, मुळात इथे भिंत नव्हतीच, सगळ्यांचे हॉल मोठे होते. त्यांना आवाज सहन व्हायचा नाही. कुणाचा मिक्सर, कुणाचं पोर, बायकोची बोलणी... कशाचाच नाही. एक ते चारचा नियमही त्यांनीच भांडून आणला. तरी भागेना. मग एक दिवस स्वतःच विटा आणल्या आणि दुपारच्या दुपारी बांधत बसले."

"त्यांच्याच नियमाच्या वेळेत?" कलमसाहेबांनी विचारलं. सवयच ती.

"तेव्हा आम्हीही हसलो होतो," आजी म्हणाल्या. "भिंत झाल्यावर नाही हसलो. बायको बाहेर हॉलमध्ये आणि ते आत. ती जेवण दारात ठेवायची. पुढे ती माहेरी गेली. ते कधी गेले, कसे गेले, कुणालाच नक्की ठाऊक नाही. घर रिकामं सापडलं एवढं खरं."

आजींच्या घरातून बाहेर पडताना मिस्त्रींनी मावशीला जिन्यात थांबवलं.

"बाई, एक सांगू? मला यातलं काही कळत नाही. पण भिंतीचं कळतं. अर्धवट भिंत कुणीही मोडू शकतं. धक्का दिला तरी पडते. एकदा पुरी झाली, माल वाळला, की मग ती भिंत. तुम्ही किल्ली परत मागा. एक ते चार आपण तिघं-चौघं तिथे थांबू. त्या जागेवरून येऊ जाऊ, बोलू, गाणी म्हणू, वाटेल ते करू. पण त्याला ती पुरी करू देऊ नका."

"आवाज करायचा? एक ते चार?"

"हो."

"आणि चौथी तक्रार आली तर?"

मिस्त्री जिना उतरायला लागले.

मावशी त्या संध्याकाळी केंद्रात गेली. काकांनी तिचा हात धरला.

"घरी... कधी?"

सहा दिवस उरले होते. न्हाणीघराच्या फरश्या बसायच्या होत्या. धरायचे दांडे लागायचे होते. कमिटीशी भांडायला, समजावायला, पुन्हा परवानगी काढायला वेळ कुठे होता? आणि सांगायचं तरी काय? मावशीने विचार केला... त्याला काम पुरं करायचंय ना? करू दे. पुरं झालं की ठोकाठोक थांबेल. तक्रारी थांबतील. भिंत काय, दिसत तर नाही. आपलं काय जातंय?

तिने किल्ली मागितली नाही.

हा निर्णय तिचा होता. कुणी तिच्यावर लादला नव्हता. ती हे आजही स्वतःच सांगते, आणि सांगताना डोळ्याला पदर लावते.

पुढचे दोन दिवस एक ते चार ठक-ठक चालू राहिली. आजी कानात कापूस घालून पडून राहायच्या. तिसऱ्या दिवशी आवाज वर मावशीच्या घराच्या छताजवळून आल्यासारखा पुसट झाला. अडीचच्या सुमारास थांबला. मग थापी धुतल्याचा आवाज. बादली ठेवल्याचा आवाज.

मग काही नाही...

चौथ्या दिवशीही काही नाही. कलमसाहेबांनी हसून किल्ली परत दिली. मावशीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. कामाने जोर धरला. फरश्या बसल्या, दांडे लागले, आतल्या खोलीला फिका निळा रंग लागला.

एक गोष्ट तिला तेव्हा खटकायला हवी होती. मिस्त्रींचा जोडीदार आतल्या खोलीत काम करताना आधी तिथूनच ओरडून पाणी मागायचा. शेवटच्या दिवसांत तो प्रत्येक वेळी ब्रश ठेवून हॉलमध्ये चालत यायचा, मिस्त्रींच्या समोर उभा राहायचा आणि मग बोलायचा. दोघंही त्याबद्दल काही म्हणाले नाहीत. कदाचित त्यांना स्वतःलाही ते मान्य करायचं नव्हतं.

महिनाअखेरीला काका घरी आले.

खुर्ची लिफ्टमधून वर आली, दारातून आत आली, हॉलमधून सरळ आतल्या खोलीत गेली. कुठे अडली नाही. मावशी श्वास रोखून बघत होती. चाकं त्या जागेवरून अलगद पुढे गेली. तिने काकांच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि मोकळेपणाने रडली.

पहिले दोन दिवस ती त्यांच्या उशापासून हललीच नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी काका जेवले, पडले. एका गिऱ्हाईकाचं शिवण राहिलं होतं. मावशी हॉलमध्ये मशीनवर बसली. मान वर केली की काका समोर दिसत होते. चेहरा तिच्याकडेच. डोळे उघडे. तिने हसून हात केला. पुन्हा शिवायला लागली.

मधूनमधून बघत होती. काका तसेच पडलेले, तिच्याकडे बघत. घर शांत होतं. तिला बरं वाटत होतं. किती दिवसांनी दोघं एका छपराखाली होती.

दारावर धपाधप थापा पडल्या.

आजी होत्या. जिना चढून आलेल्या. लिफ्टचीही वाट बघितली नव्हती. धाप लागलेली आणि चेहरा रागाने लाल.

"बहिरी झालीस का गं? तास झाला तो बिचारा हाका मारतोय! माझ्या डोक्यावर एकसारखा तुझ्या नावाचा घोष चाललाय, मला ऐकवेना! तू मशीन मारत बसलीयस?"

मावशीने वळून खोलीकडे पाहिलं.

काका तिच्याकडेच बघत होते. मधे काही नव्हतं. चार पावलं.

आवाज नव्हता.

ती धावली. त्या जागेवरून पाय पलीकडे पडला आणि...

काकांचा आवाज तिच्या अंगावर आदळला. घसा बसलेला, फाटलेला, पण मोठा. तिचं नाव. पुन्हा तिचं नाव. पुन्हा.

त्यांचा बरा हात खाटेच्या कठड्यात अडकला होता. मनगट काळंनिळं पडलं होतं. उशी घामाने आणि डोळ्यांतल्या पाण्याने ओली झाली होती. ओढलेल्या ओठांची हालचाल इतकी थोडी, की चार पावलांवरून ती दिसलीच नव्हती.

तिने हात सोडवला. छातीशी धरला. "मला ऐकू नाही आलं हो... देवाशपथ नाही आलं..."

काका तिच्याकडे बघत राहिले. मग अडखळत म्हणाले,

"तू... बघत होतीस. हसलीस. हात केलास... आणि परत शिवायला लागलीस."

त्यानंतर सगळं करून झालं. खाटेशी घंटा बांधली. आत घणघणायची, हॉलमध्ये काही नाही. रेडिओ लावून पाहिला. तेच. फोन तेवढा चालतो. चार पावलांवर बसलेली दोन माणसं एकमेकांकडे बघत फोनवर बोलतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मिस्त्रींनाही बोलावलं. ते त्या जागेवर उभे राहिले. एक कान इकडे, एक कान तिकडे. बराच वेळ. मग चपला घातल्या.

"पाडा ना हो," मावशी म्हणाली. "आधीची भिंत तुम्हीच पाडलीत ना!"

"भिंत असती तर पाडली असती, बाई," ते म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं.

घर विकून जायचं म्हटलं तर जायचं कुठे? जुनं तर हे घेण्यासाठीच विकलं. शेवटी मावशीने मशीन आत नेलं. आता ती आतच बसते, आतच शिवते, आतच झोपते. स्वयंपाकापुरती बाहेर येते, तेही फोन चालू ठेवून. म्हणते, "आत फार शांत वाटतं गं." मला ते वाक्य आवडलं नाही. मावशीला शांतता कधीच आवडायची नाही, ती मशीनबरोबर गाणारी बाई.

मागच्या महिन्यात भेटायला गेले होते. तासभर आत बसले, चहा झाला, काकांशी बोलले. त्यांची तब्येत सुधारतेय. निघाले. हॉलमध्ये येऊन चपला घातल्या आणि मागे वळून हात केला.

दोघंही माझ्याकडे बघत होती. मावशी मशीनवरून अर्धवट उठली होती. दोघांचेही ओठ हलत होते.

मी हसून मान डोलावली, दार ओढून घेतलं आणि लिफ्टमध्ये शिरले.

लिफ्ट खाली निघाल्यावर डोक्यात आलं... ती दोघं मला निरोप देत होती, की हाक मारत होती?

खाली पोचल्यावर मी परत वर गेले नाही. फोनही केला नाही. अजून विचारलेलं नाही.